कच्चा माल

सावद्याच्या वखारीत सत्तावीस वर्षं मी केळी पिकवली.
हिरवा घड आत, पिवळा घड बाहेर,
मधले चार दिवस माझे.
दाराला कान लावायचा, फटीतून वास घ्यायचा,
बोटाच्या पेराने साल दाबून पाहायची.
घाईने पिकवलेलं केळं वरून पिवळं, आतून खडू.
हे मला न कापता कळायचं.
स्वतःचं कळलं नाही.

आता सोमवारी आणि गुरुवारी भुसावळ.
तीन नंबरच्या मशीनमधून माझं रक्त
चार तास फिरून घरी येतं.
बाहेर सेहेचाळीस, आणि मला आत पांघरूण लागतं.
वारके डॉक्टरीण रिपोर्ट वाचून म्हणाली,
झोपे काका, तुमचं डी अकरा आहे.
पाहिजे किती?
तीस तरी.
मी खिडकीबाहेर पाहिलं.
यार्डातले डबे असे तापले होते
की त्यांच्यावरची हवा पाण्यासारखी हलत होती.

मग तिने समजावलं.
ऊन कातडीत कच्चा माल तयार करतं,
यकृत तो अर्धवट करून पुढे धाडतं,
शेवटचं काम मूत्रपिंडाचं. तिथे तो पिकतो.
मग हाडांना पोचतो,
मग रक्तातले शिपाई जरा शिस्तीत राहतात.
तुमच्याकडे माल आधीच कमी, काका,
आणि आला तरी ते दार बंद.

म्हणजे वखार.
मी हसलो. तिला वाटलं, मला समजलं नाही.

चार नंबरला हुरमतबाई तडवी,
यावलच्या वरच्या अंगाची.
जन्मभर बागांतून घड वाहिले, डोक्यावर ऊन आणि चुंबळ.
तिचं सात.
ऊन त फुकटचं व्हतं भो, म्हणाली,
तेबी पचलं नाही.

दुसरा एक आकडा होता, सुजेचा.
मी पाय पाहिले.
पायांची नाही हो, आतली. मंद. सगळीकडे.
हे मात्र लगेच कळलं.
पळकाट्यांवर वांगी भाजून झाली,
माणसं भरीत खाऊन हात धुऊन उठली,
तरी रात्रभर फुपाटा असतो.
वरून राख. पोरगं पाय देतं तेव्हा कळतं.

डी भरलं की ही विझेल?
डॉक्टरीण थोडा वेळ बोलली नाही.
कमी होते म्हणणारे आहेत,
फरक पडत नाही म्हणणारेही आहेत.
तीन महिन्यांनी पुन्हा रक्त पाहू.
मला बाई आवडली.
भाव फुटायच्या आधी भाव सांगणारे
मी खूप पाहिलेत.

तर आठवड्याला एक पुडी,
आणि रोज एक बारकी गोळी. ती पिकलेलीच येते, बाहेरून.
पिकवणाऱ्याने पिकलेलं विकत घ्यायचं.
केळं तर पहिल्याच दिवशी बंद झालं,
त्यातल्या पोटॅशियमने काळीज थांबतं म्हणे.
परवा प्रणीलच्या वाढदिवसाला कुणी डझनभर आणली,
अख्खा वॉर्ड वास घेत पडून होता.
एक दिवस जास्तीचा पिकलेला घड, मी म्हणालो.
कुणी विचारलं नव्हतं.

सकाळी धाब्यावर बिबडे वाळतात.
मिठाचे म्हणून ते मला चालत नाहीत,
पण राखण चालते.
बाजेवर बसतो, पाठ उन्हाकडे.
शेजारी लिटरची बाटली, कुमुदने तिच्यावर
पेनाने रेघा मारल्यात, दुपारपर्यंत दोनच.
वीस मिनिटं सांगितलीत, मी तासभर बसतो.
दार बंद असलं तरी माल उतरवून घ्यावा,
ही जुनी सवय.

डाव्या हातावर नस जोडली आहे,
मनगटाच्या वर, फुगलेली.
ती कानाशी धरली की आत घरघर ऐकू येते.
डोळे मिटून ऐकतो, दाराला कान लावायचो तसा.

खालून कुमुद ओरडते,
कावळा बसला का हो?
बसला, मी म्हणतो,
आणि उठत नाही.